नाव द्यावे की वस्तू?



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. आठवीपासून दहावीपर्यंत मराठी आणि संस्कृत हे दोन्ही विषय आम्हाला त्यांनीच शिकविले. तेव्हा चिटणिसांचे निमंत्रण आले, त्या वेळी आनंद झाला हे खरे. पण त्याहून अधिक संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर साहित्याचे, इतिहासाचे, समाजकारणाचे जाणकार बोलून गेले. मी संगणकाच्या आज्ञावल्या लिहून चरितार्थ चालविणारा मनुष्य. मी काय बोलणार? चिटणीस म्हणाले, "तुमच्या कामातलेच बोला. मात्र सर पहिल्या रांगेत बसले आहेत असे समजून बोला." ही अट ऐकावयास सोपी, पाळावयास फार कठीण. सरांसमोर न समजलेला शब्द वापरण्याची सोय नव्हती. "म्हणजे काय?" हा त्यांचा प्रश्न वाक्य पुरे होण्याच्या आत येत असे.

माझ्या विषयाचे खरे नाव असे आहे : डिपेन्डन्सी इंजेक्शनच्या मांडणीत कन्स्ट्रक्टरला क्लासचा टाइप आर्ग्युमेंट म्हणून देणे. हे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापू नये अशी विनंती मीच केली होती. नाही तर आज सभागृहात अध्यक्ष आणि मी असे दोघेच उरलो असतो. पण या लांबलचक नावामागे जो प्रश्न आहे तो आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि मला तो प्रथम याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातील वर्गात भेटला.

विभक्तिप्रत्ययांचा धडा चालू होता. सरांनी फळ्यावर 'घोडा' लिहिले आणि एका विद्यार्थ्याला म्हणाले, "घोड्याला प्रत्यय लाव." तो उठला आणि त्याने 'घोड्याला' असे लिहिले. सर म्हणाले, "मी तुला घोड्याला प्रत्यय लावायला सांगितला. घोडा कुठे आहे? तो तर राजवाड्यासमोर टांग्याला जुंपलेला आहे. तू प्रत्यय लावलास तो 'घोडा' या शब्दाला." सारा वर्ग हसला. मग त्यांनी गंभीरपणे समजावले की, बोलताना आपण शब्द वापरतो तो बहुधा वस्तूसाठी. पण कधी कधी खुद्द त्या शब्दासाठीच वापरतो, आणि ऐकणाऱ्याने प्रसंग पाहून ओळखावे अशी अपेक्षा धरतो. मराठीत घोटाळा टाळावयाचा तर आपण 'या शब्दाला' अशी जोड देतो, नाही तर अवतरणचिन्हे घालतो. पाणिनीला मात्र सूत्रात अक्षर अक्षर वाचवावयाचे होते. म्हणून त्याने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातच एक नियम घालून दिला : या शास्त्रात शब्द उच्चारला की त्याचा अर्थ घ्यावयाचा नाही, त्याचे स्वतःचे रूप घ्यावयाचे. 'अग्नी'ला अमुक प्रत्यय लागतो असे सूत्र म्हणते, तेव्हा तो प्रत्यय 'अग्नी' या शब्दापुढे येतो, निखाऱ्यांपुढे नव्हे. मात्र शास्त्राने ज्या संज्ञा स्वतः ठरविल्या त्यांना हा नियम नाही. 'वृद्धी' म्हटले की तेथे 'वृद्धी' ही अक्षरे घ्यावयाची नाहीत. आ, ऐ, औ हे स्वर घ्यावयाचे.

हे सारे मी परीक्षेनंतर विसरलो होतो. ते परत आठवले २०११ साली, आणि ते आठवेपर्यंत एका निरपराध व्यक्तीला माझ्यामुळे फार सोसावे लागले होते. ती हकीकत मी सांगणार आहे. परंतु तिच्याआधी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे.

संगणकाची आज्ञावली आजकाल बहुधा क्लास आणि ऑब्जेक्ट या दोन कल्पनांवर उभी असते. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली मूर्ती. गणेशोत्सवाआधी मूर्तिकारांच्या ओसरीवर आपण हे पाहिलेले आहे : साचा एक, मूर्ती शंभर. मूर्ती साच्यातून काढण्याच्या वेळी जे करावयाचे ते कन्स्ट्रक्टरमध्ये लिहिलेले असते, आणि त्या वेळी जे साहित्य हाती द्यावे लागते, माती कोणती, रंग कोणता, त्याला आर्ग्युमेंट म्हणतात.

आता प्रश्न असा की, हे साहित्य कोणी आणावयाचे? जुन्या पद्धतीत प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्याला लागेल ती वस्तू स्वतःच घडवून घेत असे. लग्नघरी प्रत्येक आचारी स्वतः बाजारात जाऊन तूपसाखर आणू लागला तर जे होईल तेच होत असे. कोणी कोठून काय आणले याचा मेळ राहत नसे, आणि एखादी वस्तू बदलावयाची झाली तर दहा ठिकाणी हात घालावा लागे. म्हणून अशी रीत निघाली की, आचाऱ्याने फक्त काय लागते ते सांगावे. कोठीचा कारभार पाहणाऱ्या कोठावळ्याने ते आणून त्याच्या पुढ्यात ठेवावे. या कोठावळ्याला आमच्या धंद्यात कंटेनर म्हणतात. कोणाला काय द्यावयाचे याची त्याच्याजवळ जी यादी असते ती कॉन्फिगरेशन, म्हणजे मांडणी. आणि या सबंध रीतीला डिपेन्डन्सी इंजेक्शन हे नाव मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखाने रूढ केले. रीत त्याआधीची होती. रॉड जॉन्सन यांनी २००२ साली जावा भाषेतील मोठ्या प्रणालींवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथासोबतच्या आज्ञावलीतून स्प्रिंग नावाचा कंटेनर वाढला व त्याची पहिली पूर्ण आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी सी-शार्प भाषेसाठी युनिटी नावाचा कंटेनर २००८ मध्ये काढला. या दोघांशी माझा संबंध आला, म्हणून त्यांच्याचविषयी बोलतो.

कोठावळा सामान्यतः वस्तू देतो. तूप मागितले, तूप दिले. पण काही कारागीर असे असतात की त्यांना मूर्ती नको असते, साचाच हवा असतो. उदाहरणार्थ, कपाटातील नोंदी काढून देणारा एक सर्वसाधारण कारकून आपण क्लास म्हणून लिहिला. ग्राहकांच्या नोंदीही तोच काढणार आणि मालाच्या नोंदीही तोच. मग त्याला नेमताना सांगावे लागते : "तू ग्राहकांचा." येथे एखादा विशिष्ट ग्राहक त्याच्या हाती देऊन काय उपयोग? त्याला 'ग्राहक' हा प्रकार, हा टाइप, द्यावा लागतो. जावा भाषेत याची गरज अधिकच पडते. २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्या भाषेत 'ग्राहकांची यादी', 'मालाची यादी' असे भेद लिहिता येऊ लागले खरे; पण ते भेद आज्ञावली तपासली जाण्यापुरते. ती प्रत्यक्ष चालू झाली की भेद पुसले जातात आणि यादी ही नुसती यादी उरते. तेव्हा चालत्या आज्ञावलीत कोणाला आपला प्रकार कळावयास हवा असेल, तर तो कन्स्ट्रक्टरमधून निराळा हाती द्यावाच लागतो.

आणि येथे सरांचा घोडा आपल्या मार्गात उभा राहतो. कोठावळ्याच्या यादीत मी 'ग्राहक' असे लिहिले. याचा अर्थ त्याने काय घ्यावा? "एक ग्राहक घडवून आणून दे" असा, की "'ग्राहक' हे नाव जसेच्या तसे पुढे दे" असा?

स्प्रिंगने या प्रश्नाचे उत्तर दोन निराळे शब्द ठेवून दिले. त्याच्या जुन्या, एक्सएमएल पद्धतीच्या यादीत कन्स्ट्रक्टरच्या आर्ग्युमेंटपुढे 'व्हॅल्यू' असे लिहिले तर पुढची अक्षरे ही अक्षरेच समजली जातात. 'रेफ' असे लिहिले तर त्या नावाची वस्तू आणून दिली जाते. आता 'व्हॅल्यू' म्हणून क्लासचे पूर्ण नाव लिहिले, आणि घेणाऱ्या कन्स्ट्रक्टरने "मला क्लास हवा" असे जाहीर केलेले असले, तर स्प्रिंग त्या अक्षरांवरून क्लास शोधून तो साचा त्याच्या हाती देतो. नाव चुकलेले असले तर प्रणाली सुरू होतानाच ओरडतो. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे 'रेफ'च्या जागी 'व्हॅल्यू' लिहिणे. तीही बहुधा तत्काळ पकडली जाते. कारण ज्याला वस्तू हवी आहे त्याच्या हाती अक्षरे पडली तर त्यांचे वस्तूत रूपांतर होत नाही. पण घेणाऱ्याने "मला काहीही चालेल" असे जाहीर केले असेल तर? मग अक्षरे जातात आणि कोणी ओरडत नाही. हे 'काहीही चालेल' लक्षात असू द्यावे.

युनिटीची प्रकृती वेगळी. तिची यादी आज्ञावलीतच सी-शार्पमध्ये लिहिता येते. तेथे कन्स्ट्रक्टरसाठी अक्षरे दिली, आकडा दिला, तर तो जसाच्या तसा पुढे जातो. पण टाइप दिला, त्या भाषेत 'टाइपऑफ ग्राहक' असे लिहिले, तर युनिटी समजते की तुम्ही वस्तू मागत आहात, आणि ती एक ग्राहक घडवून पुढे करते. टाइपच पुढे पाठवावयाचा असेल तर त्याला 'इंजेक्शन-पॅरामीटर' नावाच्या वेष्टनात गुंडाळून द्यावा लागतो. वेष्टनाचा अर्थ इतकाच : हे उघडू नको, जसे आहे तसे दे. सर 'घोडा' पुढे 'या शब्दाला' जोडीत, तेच हे.

ही निवड चूक आहे असे मी म्हणणार नाही. कंटेनरकडे टाइप येतो तो शंभरात नव्याण्णव वेळा वस्तू मागण्यासाठीच, तेव्हा उघड्या टाइपचा अर्थ वस्तू असा धरणे सोयीचेच आहे. पाणिनीच्या शास्त्रात नेमके उलट, उघडा शब्द म्हणजे शब्दच. आणि गंमत पाहा, 'इति' हा संस्कृतातील छोटासा शब्द व्यवहारात एखाद्या शब्दाला जोडला की तो शब्द अर्थ सोडून स्वतःकडे बोट दाखवितो. व्याकरणशास्त्रात जेथे शब्द आधीच स्वतःकडे बोट दाखवीत असतात, तेथे तोच 'इति' जोडला की शब्द पुन्हा अर्थाकडे वळतो. पतंजलींनी महाभाष्यात याची चर्चा केलेली आहे. कोणता अर्थ मूळचा धरावयाचा हे त्या त्या शास्त्राने ठरवावे, त्यात वाद नाही. परंतु एका शास्त्रातून दुसऱ्यात जाणाऱ्याने नियम कोणता आहे हे विचारून घ्यावे लागते. मी ते विचारले नाही.

आता हकीकत. एका धर्मादाय संस्थेच्या देणगी-खिडकीवर पावत्या देणारी प्रणाली मी लिहिली होती. संस्थेचे आणि गावाचे नाव घेत नाही. त्या प्रणालीत 'नोंदवही' नावाचा एक क्लास होता. पावत्यांची एक नोंदवही, व्हाउचरांची दुसरी. कोणत्या कागदाची नोंदवही, हे तिला कन्स्ट्रक्टरमधून कळत असे. पहिल्या आवृत्तीत मी तेथे अक्षरे देत होतो, म्हणजे 'पावती' या क्लासचे पूर्ण नाव अक्षरांत लिहीत होतो. एकदा एका सहकाऱ्याच्या हातून त्यात एक अक्षर चुकले आणि अर्धा दिवस वाया गेला. तेव्हा मी शहाणपण केले. अक्षरांऐवजी 'टाइपऑफ पावती' असे लिहिले, की स्पेलिंग चुकल्यास भाषाच आज्ञावली तयार होताना अडवील. हेतू सुरक्षिततेचाच होता. आणि जुन्या ठिकाणी अक्षरे, नव्या ठिकाणी टाइप, दोन्ही चालावीत म्हणून नोंदवहीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये त्या आर्ग्युमेंटचा प्रकार मी 'ऑब्जेक्ट', म्हणजे काहीही चालेल, असा ठेवला.

मित्रहो, कन्स्ट्रक्टरने "मला टाइप हवा" असे स्पष्ट म्हटले असते, तर युनिटीने यादी नोंदवितानाच सांगितले असते की पावती घेणारा कन्स्ट्रक्टर येथे नाही, आणि मी पाच मिनिटांत चूक दुरुस्त केली असती. पण 'काहीही चालेल' म्हणणाऱ्याला पावतीही चालतेच. तेव्हा रोज सकाळी प्रणाली सुरू झाली की युनिटी निमूटपणे एक खरीखुरी पावती घडवी आणि नोंदवहीच्या हाती ठेवी. आणि पावती घडताना काय होत असे? पावतीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मी लिहून ठेवले होते की, क्रमांकांच्या तक्त्यातून पुढचा अनुक्रमांक घ्यावा.

म्हणजे रोज सकाळी एक पावती-क्रमांक खर्च होत होता. त्या क्रमांकाची पावती कधी छापली जात नव्हती, तिच्यापोटी पैसे येत नव्हते, ती कोठे दिसत नव्हती.

नोंदवहीचे काम मात्र बिनबोभाट चालले होते. ती हाती आलेल्या ऑब्जेक्टला "तुझे नाव अक्षरांत सांग" असे विचारी. सी-शार्प भाषेचा स्वभाव असा की, टाइपला हा प्रश्न केला तर तो क्लासचे पूर्ण नाव सांगतो. आणि एखाद्या साध्या ऑब्जेक्टला केला, त्याला निराळे काही शिकविलेले नसले, तर तोही आपल्या क्लासचे पूर्ण नावच सांगतो. साचा आणि मूर्ती दोघांच्या तोंडून एकच शब्द.

एप्रिलमध्ये ही आवृत्ती चालू झाली. सहामाही हिशेबतपासणी ऑक्टोबर संपता संपता झाली, आणि तपासनिसांच्या लक्षात आले की पावत्यांच्या अनुक्रमांकांत दोनशेच्या वर खाचा आहेत. त्यातही बहुतेक गाळलेले क्रमांक दिवसाच्या आरंभीचे. खिडकी सकाळी उघडीत असत त्या रोखपाल बाई. याचा सरळ अर्थ संस्थेच्या काही मंडळींनी लावला तो आपणही लावाल : रोजचा पहिला देणगीदार पैसे देऊन जातो आणि त्याची पावती नाहीशी होते. बाईंना लेखी खुलासा विचारण्यात आला. त्यांना खिडकीवरून काढून आतल्या टपालाच्या टेबलावर बसविण्यात आले. आणि मला विचारण्यात आले की प्रणालीत काही दोष संभवतो काय.

मी दोन दिवस तपासणी केली. नोंदवही नेमकी कशाची बांधली गेली हे पाहण्यासाठी प्रणालीच्या रोजच्या टिपणात पाहिले. तेथे 'पावती' या क्लासचे पूर्ण नाव स्वच्छ उमटलेले होते. टाइप व्यवस्थित पोहोचला आहे असा मी निष्कर्ष काढला. पावत्या करून पाहिल्या. ओळीने क्रमांक पडले. मी लेखी दिले की प्रणाली निर्दोष आहे. माझ्या सहीचे ते पत्र माझ्याजवळ अजून आहे.

दोन आठवड्यांनी बाईंचा मला दूरध्वनी आला. म्हणाल्या, "दादा, तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं बरोबरच असेल. पण माझी वही एकदा बघता का?" वही म्हणजे दोनशे पानी साधी वही. कोणी न सांगता त्या रोज तीत पहिल्या आणि शेवटच्या पावतीचा क्रमांक लिहून ठेवीत. आणखी एक गोष्ट त्यांनी लिहिली होती, ती निराळ्याच कारणाने : वीज कधी गेली आणि कधी आली. संगणकाला बॅटरीची जोड नव्हती, आणि वीज गेली की रांगेतल्या लोकांची बोलणी त्यांना खावी लागत. म्हणून स्वतःच्या बचावापुरती नोंद. त्यांनी पानावर बोट ठेवून मला दाखविले. ज्या दिवशी वीज गेली नाही त्या दिवशी एक क्रमांक कमी. एकदा गेली त्या दिवशी दोन. दोनदा गेली त्या दिवशी तीन, आणि तेही सकाळी नव्हे. ज्या वेळी वीज परत आली त्या वेळचे. "चोर असला तरी तो विजेची वाट बघून चोरी करील का?" असे त्यांनी मला विचारले. रागाने नव्हे, त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.

वीज येणे म्हणजे प्रणाली पुन्हा सुरू होणे. प्रणाली सुरू होणे म्हणजे कोठावळ्याने यादी वाचणे. त्या रात्री मी यादी एकेक ओळ करून वाचली, आणि 'टाइपऑफ पावती' या ओळीशी आलो तेव्हा मला एकदम वरच्या मजल्यावरचा तो वर्ग, फळा आणि राजवाड्यासमोरचा टांगा दिसला. मी नाव दिले असे समजत होतो. कोठावळ्याने घोडाच आणून उभा केला होता.

दुरुस्ती एका ओळीची होती : टाइप वेष्टनात गुंडाळणे. पण तेवढ्यावर थांबणे मला योग्य वाटले नाही. नोंदवहीच्या कन्स्ट्रक्टरमधले 'काहीही चालेल' काढून तेथे "टाइपच हवा" असे लिहिले. जुनी अक्षरे देणारी ठिकाणे शोधून बदलली. आणि पावतीच्या कन्स्ट्रक्टरमधून क्रमांक घेण्याचे काम काढून पावती छापण्याच्या क्षणाकडे नेले. वास्तविक ही तिसरी चूक पहिल्या दोहोंहून जुनी. मूर्ती साच्यातून निघताना तिने दुकानाच्या गल्ल्यात हात घालावा हेच मुळात गैर. कन्स्ट्रक्टरने हाती आलेले साहित्य जागेवर ठेवावे, बाहेरच्या जगात काही हलवू नये, असे जाणकार फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. मी ते वाचले होते. वाचले होते, एवढेच.

तरुण श्रोत्यांपैकी काही जण या व्यवसायात आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. स्प्रिंगच्या डिसेंबर २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून यादी जावा भाषेतच लिहिण्याची सोय कंटेनरमध्येच आली. तेथे यादी लिहिणारा स्वतः कन्स्ट्रक्टरला हाक मारतो, त्यामुळे साचा दिला तर साचाच जातो, मूर्ती दिली तर मूर्ती, आणि नावातली चूक आज्ञावली तयार होतानाच कळते. मला स्वतःला हीच रीत पसंत आहे. तरीही नाव अक्षरांत लिहिण्याची वेळ पुरती टळलेली नाही. प्रणाली तयार झाल्यावर तिला नंतर कोणी नवा भाग जोडणार असेल, तर त्या भागातील क्लास आज अस्तित्वातच नसतो; त्याचे नावच लिहून ठेवावे लागते. तेथे नाव पूर्ण लिहावे, कोणत्या संचातले ते सांगावे, आणि प्रणाली सुरू होतानाच तो क्लास सापडतो की नाही, आपल्याला हव्या त्या जातीचा आहे की नाही, हे तपासून घ्यावे. अपुऱ्या नावाने काय होते हे इंदूरकराला सांगावयास नको. घरी 'शिक्षा' म्हणजे छडी आणि रस्त्यापलीकडच्या हिंदी शाळेच्या पाटीवर 'शिक्षा' म्हणजे विद्या. माझी आजी ती पाटी वाचून त्या शाळेतल्या मुलांची कीव करीत असे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. चूक सापडल्यावर मी संस्थेला दुसरे पत्र लिहिले, की तांत्रिक कारणाने क्रमांक गाळले गेले, पैशांचा अपहार झालेला नाही. बाईंना टपालाच्या टेबलावर बसून तोवर पाच आठवडे झाले होते. पत्राची प्रत मी स्वतः त्यांना नेऊन दाखविली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, "यात मी कुठे आहे?"

खरेच, त्या पत्रात त्यांचे नाव नव्हते. आणि माझेही नव्हते. फक्त 'तांत्रिक कारण' होते. मी तेथेच बसून, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच कागदावर तिसरे पत्र लिहिले. त्यात त्यांचे पूर्ण नाव लिहिले, वहीतील तारखा लिहिल्या, चूक कोणी केली हे लिहिले आणि माझे आधीचे निर्दोषतेचे पत्र मी मागे घेत आहे असे लिहिले. त्यानंतरच्या सोमवारी त्या परत खिडकीवर बसल्या. वही त्यांनी पुढेही चालू ठेवली. मात्र तीत विजेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आणि त्यावर माझ्या प्रणालीचे नाव घातले.